टाळ्यांच्या वेळचे फोटो

धुतलेल्या चादरीची दोन टोकं काकूंच्या हातात, दोन काकांच्या. घडी अर्धी झाली आणि दारावरची घंटा वाजली. काकांनी आपली टोकं काकूंच्या खांद्यावर टाकली नि दार उघडायला गेले.

"झालं! आता ही उद्यापर्यंत माझ्याच अंगावर," काकू म्हणाल्या.

दारात सभागृहाचे चिटणीस होते. त्यांच्याबरोबर, तिथे वर्षानुवर्षं गाणाऱ्या बाईंची मुलगी होती. बाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. सभागृहाला आता पन्नास वर्षं पुरी होणार म्हणून बाईंचा मोठा फोटो दर्शनी भिंतीवर लावायचा होता. "तुमच्याकडे असणारच, काका," चिटणीस म्हणाले.

काका पाणीखात्यात मीटर वाचायचे. दिवसभर लोकांचे जिने चढायचे आणि संध्याकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचे. गाण्याची मैफल असो, चित्रांचं प्रदर्शन असो, नाहीतर मैदानावरचा नाट्यमहोत्सव, काका हजर. "हौसेला मोल नसतं म्हणतात, पण रोलला असतं हो!" असं काकू तेव्हा ऐकवायच्या. चाळीस वर्षांत त्यांचा एकही फोटो कुठल्या भिंतीवर चढला नव्हता. त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नाही. पण आज पाहुणे बसायच्या आतच त्यांनी पलंगाखालची पेटी ओढून काढली, आणि काकूंना ते दिसलं.

चिटणीसांनी पाकिटांमागून पाकिटं उपसली. "अहो, ह्यात बाई गातच नाहीत! तोंड मिटलेलं, केस विस्कटलेले. ह्या फोटोत तर पाणी पितायत."

"टाळ्या चालू होत्या ना तेव्हा," काका पुटपुटले.

"म्हणजे जेवणाचा फोटो मागावा, तर तुम्ही खरकटी ताटं दाखवताय! राहू द्या, वर्तमानपत्रवाल्यांकडे बघतो."

काकांनी एक पाकीट उचलून मुलीच्या हातात दिलं. मग मुलीला म्हणाले, "तरुणपणी एकदा तुमच्या आई अगदी हळू आवाजात गात होत्या, आणि माझा कॅमेरा खट्‌कन वाजला. त्या थांबल्या. 'स्वर मोडलात माझा,' म्हणाल्या. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. तेव्हापासून गाणं चालू असताना बटणाला हात लावला नाही. टाळ्यांच्या आवाजात खट् ऐकू जात नाही."

"ते तुम्ही होय?" मुलगी हसली. "आई दोन दिवस चुटपुटत होती. जरा जास्तच बोलले, म्हणायची."

बोलता बोलता तिच्या हाती एक फोटो आला आणि तिनं तो डोळ्यांजवळ धरला. गाणं नुकतंच संपलेलं. बाईंचे डोळे उघडलेले, मान किंचित डावीकडे, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखं काहीतरी.

"ही माझ्याकडे बघतेय," ती म्हणाली. "मी तिसऱ्या रांगेत बसायची. गाणं संपलं की आई आधी माझ्याकडे बघायची, जमलं का म्हणून. मी मान हलवली की मगच लोकांकडे वळायची. मला वाटायचं, हे आमच्या दोघींशिवाय कुणी पाहिलंच नाही."

कॅमेरा देऊन कुणाला कधी, कुठे उभं करायचं ते देवच जाणे. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"हाच लावा," मुलगी म्हणाली.

"पण लोक विचारतील, बाई गात का नाहीत?"

"सांगा, आत्ताच गाऊन झालंय."

चिटणीसांनी काकांकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि हात टेकले. "मोठा करून मिळेल ना? रविवारच्या आत हवा."

"मिळेल की!" काका नको इतक्या मोठ्यानं म्हणाले. त्यांनी निगेटिव्हची पट्टी शोधली, उजेडात धरून दोनदा पाहिली आणि वहीच्या पानात घालून खिशात ठेवली.

"अहो, चहा तरी घ्या सगळ्यांबरोबर," काकू म्हणाल्या.

पण काका चपला घालत होते. चौकातला फोटोवाला एक वाजता दुकान बंद करतो. त्याआधी पट्टी त्याच्या हातात द्यायची होती.