पिंजऱ्यात बसणारे डॉक्टर

डॉक्टर परांजपे तपासणीला आले की आधी प्राण्याला आतल्या खोलीत बंद करायला लावायचे आणि स्वतः पिंजऱ्यात जाऊन बसायचे. तेही भर दुपारी! शारजाजवळच्या एका खासगी प्राणिसंग्रहालयाचा मी मॅनेजर आणि ते बलदियाचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे पशुवैद्य. आमचं लायसन्स दरवर्षी त्यांच्या सहीवर अडलेलं. "कागदावर काय, वाघसुद्धा सुखात असतो," म्हणत माझी फाइल मलाच परत द्यायचे. कपडे कडक इस्त्रीचे. उठताना पाठीला पेंढा चिकटलेला असायचा, त्याचं त्यांना काही नाही.

त्या वर्षी ते अस्वलाच्या पिंजऱ्यात बसले. वर नुसत्या सळया, खाली सिमेंट, सावलीच्या नावाने शंख. आमचा अरबाब, म्हणजे मालक, हसत हसत आत शिरला. "हबीबी, नो प्रॉब्लेम! शेड करेगा, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला ठीक है अरबाब, लेकिन कब?"

मी दोघांसाठी थंड पाणी आणायला गेलो. तेवढ्यात राखणदार खान तिथून गेला. पिंजरा बिनकुलपाचा दिसला की आधी कुलूप घालायचं, आत डोकावत बसायचं नाही, हा माझाच नियम. त्याने मान वर न करता इमानाने कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून तो जेवण आणायला बाजारात गेला.

मी परततो तर काय, गजांमागे अरबाब घामाने निथळत 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला लवकर, असं ओरडतोय आणि डॉक्टर शांतपणे म्हणतायत, "बैठो अरबाब, भालू तो रोज बैठता है." मला हसू आवरेना, पण नोकरीच्या भीतीने ते दाबत मी गजांतून पाणी आत दिलं. खान येईपर्यंत अरबाबचा घसा बसला होता.

बाहेर येऊन डॉक्टरांनी लायसन्स नाकारलंच. मी अक्षरशः हात जोडले. "डॉक्टर, झू बंद झालं तर माझा व्हिसा खलास. पोरांच्या शाळा इथे. आपल्या माणसाकडे बघा जरा!"

"तुझा व्हिसा अरबाब बघेल रे. ह्या अस्वलाचं कोण बघणार?"

असला संताप आला! दुबईत अल मनखूल भागात आमची घरं समोरासमोर, पण मी त्यांना ओळखसुद्धा देईना. गणपतीत बायकोने त्यांच्याकडे मोदक पाठवले, तर तिच्यावरच खेकसलो.

अरबाबने मात्र कुणी मागे न लागता छप्पर घातलं, हौद बांधला. आत बसून आला होता ना! महिन्याभराने डॉक्टर पुन्हा तपासणीला आले. मी तोंड फिरवून फाइल पुढे केली.

"थांब जरा," म्हणाले आणि त्यांनी अस्वलाला बाहेर सोडायला लावलं. ते हौदाशी घुटमळलं, एक पंजा घालून पाहिला आणि धपकन पाण्यात बसलं, ते उठेचना. डॉक्टरांनी तिथेच उभ्या उभ्या सही केली. माझा जीव भांड्यात पडला.

"महिनाभर बोलला नाहीस ना माझ्याशी?" फाइल परत देताना ते हसून म्हणाले. "असू दे रे. तुला निदान रागावता तरी आलं. ह्याला तेही येत नव्हतं."