गाडी ओढत नाही

माझे यजमान काविळीने गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांचा धंदा आणि त्यांची गाडी दोन्ही माझ्याकडे आली. धंदा बोटुकलीचा होता. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशाची पिल्लं. आमच्या शेतातल्या दोन बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, ती वाढवायची, आणि पाऊस स्थिरावला की गावोगावच्या मच्छीमार संस्थांना त्यांच्या तलावात सोडायला विकायची. गाडी डिझेलवरची जुनी पिकअप होती. आमच्या लग्नाच्या वर्षी, नव्याण्णव साली, ती कोणाकडून तरी जुनीच घेतली होती. तेव्हापासून बारा-तेरा वर्षं तिने पाण्याने भरलेले ड्रम वाहिले.

बोटुकली ड्रममधल्या पाण्यात फार वेळ तग धरत नाही. पाणी तापायच्या आत तलाव गाठावा लागतो. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, बिरसीजवळ, आणि आमची सर्वांत मोठी गिऱ्हाईक संस्था सालेकशाच्या पुढे, जंगलातला चढ ओलांडून. त्या वर्षीच्या पहिल्या खेपेला गाडीने त्या चढावर जीव काढला. ऊन वर आलं, आणि तलावाशी पोहोचलो तेव्हा प्रत्येक ड्रमवर पांढऱ्या पोटांचा थर तरंगत होता.

संस्थेच्या अध्यक्षांनी ड्रममध्ये हात घातला आणि बाहेर काढून झटकला. "बाई, मेलेली मासोळी आमी बाजारात रोजच पायतो. तलावात सोडाले जिती लागते."

मी भरपाई देते म्हणाले. ते म्हणाले, भरपाई ठीक आहे, पण पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरीकडून मत्स्यबीज घेऊ. त्यात त्यांचं चुकत नव्हतं. ती संस्था गेली असती तर बोड्या ठेक्याने देऊन टाकण्याशिवाय मार्ग नव्हता. मला त्या द्यायच्या नव्हत्या. कारण विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं, पण द्यायच्या नव्हत्या.

गाडी चालवायला माझा चुलतदीर होता. परतताना आमगावच्या अलीकडे तो म्हणाला, "वहिनी, मी कायले खोटं बोलू? गाडी ओढूनच नाही राहिली. तिरोड्याले वीजकेंद्राच्या कामावर लोकं डंपर चालवून राहिले, अन् मी इथं बंडी हाकलून राहिलो. बंडीच्या बैलाले निदान शेपूट तरी पिळता येते."

मी रसायनशास्त्रात पदवी घेतलेली आहे. त्याचा उपयोग संसारात फारसा झाला नाही. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं, ही सवय मात्र राहिली. त्या आठवड्यात आम्ही तसंच केलं. आधी डिझेलचा फिल्टर बदलला. फरक नाही. मग हवेचा फिल्टर काढला. त्यात तुसाची धूळ होती, पण फिल्टरशिवाय गाडी पळवून पाहिली तरी ती तशीच. ब्रेक धरत असतील म्हणून लांब चक्कर मारून चारही चाकांना हात लावून पाहिला. सारखीच कोमट होती, आणि उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली तर गाडी आपोआप घरंगळत होती. राहिला क्लच. दीर म्हणाला, क्लच घसरत असता तर इंजिन बोंबललं असतं आणि गाडी जागीच राहिली असती. इथे तर इंजिनच बोंबलत नव्हतं.

शेवटी गाडी गोंदियाला मिस्त्रीकडे नेली. यजमानांचा नेहमीचा मिस्त्री. त्याने बोनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि डिझेलच्या पंपाची कांडी, जिला अ‍ॅक्सिलरेटरची केबल जोडलेली असते ती, हाताने ओढली. इंजिन असं गरजलं की शेजारच्या टपरीवरचे लोक वळून पाहू लागले.

"सुनो भाभी, इंजन तो मक्खन है," तो म्हणाला. "धुआँ भी नहीं. अब गाडी की उमर हो गई, उसको कितना दौडाओगे?"

"अन् चढावर काऊन मरते मंग?" दीर म्हणाला.

"चढाव पे तो मैं भी मरता हूँ."

मी तेव्हा गाडीत बसलेली होते. एवढा मोठा आवाज मी या गाडीतून कधी ऐकला नव्हता, चढावरही नाही, आणि चढावर तर दिराचा पाय पूर्ण दाबलेला असतो. मिस्त्री हाताने ओढत होता ते आणि दीर पायाने दाबत होता ते एकच असायला हवं होतं. मी खाली उतरले. दिराला आत बसवून म्हटलं, दाबा, पूर्ण. आणि बोनेटपाशी उभी राहून त्या कांडीकडे पाहत राहिले. कांडी निम्म्यावर येऊन थांबली.

मिस्त्रीनेही वाकून पाहिलं. "अरे," तो म्हणाला. मग त्याने केबल तपासली. ती वर्षानुवर्षं ताणून सैल झाली होती; पूर्वी कसाबसा निघणारा चढ यंदा म्हणूनच निघत नव्हता. त्याने कसून दिली. कांडी थोडी पुढे गेली, पण पुन्हा थांबली. तेव्हा त्याने दिराला बाहेर काढलं, आत डोकं घातलं आणि पायाखालचं रबरी पायपुसणं उचललं. अ‍ॅक्सिलरेटरच्या खाली, पत्र्याला आरपार बोल्ट मारून, सागाच्या लाकडाचा एक गुटका, ठोकळाच, बसवलेला होता. काळा पडलेला, जुना. पाय त्या गुटक्याला टेकत होता आणि आम्ही समजत होतो की तळाला टेकला.

"ये किसकी कलाकारी है?" मिस्त्री हसत सुटला आणि पाना घ्यायला वळला.

मी त्याला थांबवलं. गुटका यजमानांनी लावला असावा असं मला वाटलं, आणि ते उगीच काही करणारे नव्हते. दीर चिडला. मी म्हटलं, उद्यापर्यंत राहू द्या.

संध्याकाळी मामाजी, माझे सासरे, छपरीत बसून फाटक्या जाळ्याच्या गाठी बांधत होते. मी सांगितलं की गाडीत पायाखाली लाकडाचा गुटका निघाला.

"हो, आहे," ते म्हणाले.

"कोणी लावला?"

"मीच. सुताराकडून करून आनला."

मग त्यांनीच पुढे सांगितलं. "गाडी आली त्या हप्त्यात तो आमगाववरून असा आला, का रस्त्यावरच्या कोंबड्या झाडावर चढल्या. लोकं मले घरी येऊन सांगून राहिले. एकच पोरगा."

"त्यांना माहीत होतं?"

"तो काय आंधळा होता? आठ-पंधरा दिवसांत मालूम झालाच असंल. मले बोलला नाही. मीबी बोललो नाही."

"आणि काढला नाही?"

"काढला असता त तुले सापडला असता का?"

ते पुन्हा जाळ्याकडे वळले. मी चढाचं सांगितलं, मेलेल्या बोटुकलीचं, अध्यक्ष काय म्हणाले तेही. पाण्याचे ड्रम असताना कोणी गाडी उडवू शकत नाही, पाणीच उडवू देत नाही, हेही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"चालवनाराबी कोनाचा तरी पोरगाच आहे," ते म्हणाले.

मी आत जाऊन भाजी चिरायला घेतली. खेप परवावर आलेली होती.

सकाळी अंगणातून लोखंड आपटल्याचा आवाज आला. मामाजी गाडीच्या दारातून अर्धे आत गेले होते, फक्त पाय बाहेर. नट गंजून बसला होता. दीर गाडीखाली झोपून दुसऱ्या बाजूने बोल्ट धरत होता.

"मोठेबाबा, उलटा फिरवून राहिले तुम्ही. त्यानं कसून राहिला."

"तू चूप राय. डिझल टाक त्याच्यावर."

बराच वेळ गेला. गुटका निघाला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि चुलीजवळच्या लाकडांत टाकला. मग हात पुसत म्हणाले, "उद्या मी मधात बसनार."

गाडीचा आवाज त्या दिवसापासून बदलला. इतकी वर्षं ती तळ्याच्या वळणावर आली की एक दबका, एकसारखा घोगरा आवाज घरापर्यंत यायचा, आणि मी भात टाकायची. आता ती वेगळ्याच आवाजात येऊ लागली. पहिले काही दिवस ती दारात उभी राहीपर्यंत मला कळायचं नाही की आपलीच गाडी आली. दुरुस्तीत हे होणार होतं, हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. घेतलं असतं तरी दुरुस्ती केलीच असती.

खेपेच्या दिवशी पहाटेच निघालो. मामाजी दिराजवळ बसले, मी मागे ड्रमांमध्ये, पाणी ढवळायला. सपाट रस्त्यावर दीर शहाण्यासारखा चालवत होता. चढ लागला तेव्हा मी गाडीच्या कठड्याला धरून बसले. इंजिन गरजलं. सगळ्या ड्रममधलं पाणी मागे सरकलं, माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वर गेली आणि जाताना थांबली नाही. मागच्या काचेतून मामाजींची पाठ दिसत होती, ताठ. "हळू रे, हळू," ते म्हणत असावेत. काच बंद होती, पण दीर हसत होता आणि मान डोलवत होता. गाडी हळू मात्र झाली नाही.

तलावाशी पोहोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवरच होतं. अध्यक्ष आणि संस्थेची दोन माणसं काठावर उभी होती. त्यांनी नेहमीप्रमाणे तलावाचं पाणी थोडं थोडं ड्रममध्ये मिसळलं, म्हणजे बोटुकलीला नवं पाणी सवयीचं होतं. मग एकेक ड्रम काठावर तिरपा केला. पाण्यात काही क्षण करड्या रेघा दिसल्या आणि नाहीशा झाल्या. ड्रमच्या तळाशी थोडी मेलेली राहिली, तेवढी नेहमीच राहते.

"आज जागी आहे मासोळी," अध्यक्ष म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण मामाजी मध्ये आले. इतक्या वर्षांत ते कधी कुठल्याच खेपेला आले नव्हते. हा तलाव ते प्रथमच पाहत होते. त्यांनी धोतर वर खोचलं, पाण्यात एक पाऊल टाकून तळ चाचपला आणि अध्यक्षांना विचारलं, "पुढली खेप कवा आनू?"

"पोळ्याच्या आधी आना," अध्यक्ष म्हणाले.