फडात उलगडलेलं 'कॅरी'

पुढच्या वर्षी स्पेशल विषय कोणता घेणार, हे आमच्या नगरच्या कॉलेजात थंडीतच विचारलं गेलं. मी इंग्रजी सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिली, त्यामुळे घरी सल्ला द्यायला कुणी नव्हतं आणि अडवायलाही नव्हतं. जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कूलला इंग्रजीचे शिक्षक टिकत नाहीत. येतात आणि बदली करून घेतात. आपण शिकून तिथे शिकवायला जावं, एवढं एकच मी मनाशी ठरवलं होतं. बाकी कशाचीच मला खात्री नसते.

ज्यांना इंग्रजी हवं, त्यांनी एका क्रियापदावर पाच मिनिटं बोलायचं, असं इंग्रजीच्या सरांनी सांगितलं. अर्थ आणि समानार्थी शब्द सांगायचे, वाक्यांत वापरून दाखवायचे. माझ्या वाट्याला 'कॅरी' आलं. मी खूश झाले. आमच्याकडे कॅरीबॅग म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हटलं, सोपं आहे.

मोबाईलवर शोधून मी समानार्थी शब्द पाठ केले. बेअर, लिफ्ट, हॉल, लग, ट्रान्सपोर्ट. अर्थ एकच, तर कुठलाही कुठेही चालेल, असं मी धरून चालले. वर्गासमोर उभी राहिले आणि इंग्रजीत सांगितलं की लहानपणी आई मला कडेवर 'ट्रान्सपोर्ट' करायची.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "आई हाय का टेम्पो?"

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं असतं, पण समोर मी उभी होते. पुढचं सगळं विसरले. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "तू शब्द गोळा केलेस, पण ते तुझ्या ओळखीचे नाहीत," ते म्हणाले. "सोमवारी पुन्हा बोल. जमलं नाही तर मराठी घे. त्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नव्हताच. पण मला इंग्रजी हवं होतं.

शनिवारी मी नगरहून श्रीगोंद्याच्या बसमध्ये बसले. आई, माझे वडील आण्णा आणि चुलती ऊसतोडीला तिकडे होते. उसाच्या फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या होत्या, बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या. मला बघून आई घाबरलीच.

"काय गं, सुट्टी हाय का?"

"न्हाई. असंच आले."

"असंच कुनी येतं व्हय?"

मग मी सांगितलं. आईने ऐकून घेतलं. "च्या पी," ती म्हणाली. "ट्रक आलाय, भरायचाय."

मी चहा प्यायले आणि ओढणी कमरेला खोचून तिच्या मागे गेले. ती नको म्हणत होती. शाळेत असताना सुट्टीत मी तोडलेला ऊस गोळा करायचे, पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रक कधी भरला नव्हता. त्या दिवशी मात्र वर्गात जमलं नाही म्हणून इथेही बसून राहायचं, हे मला सहन होईना.

मी एका मोळीला दोन्ही हात घातले आणि उचलायला गेले. गुडघ्यापर्यंत आली आणि सुटली.

"अगं बया!" चुलती ओरडली. "एकटीनं उचलाया तू काय मारुती हाय का? आपली मोळी आपन उचलत नसत्यात. हुबी ऱ्हा गप."

फडातली ती रीतच आहे. जिच्या डोक्यावर मोळी जायची, तिने नुसती कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवून मान ताठ करायची. उचलून देतात दुसऱ्या दोघी, आणि त्यांची पाळी आली की त्यांनाही दुसरं कुणी. आई आणि चुलतीने मोळी उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मान खांद्यात शिरली असं वाटलं.

पुढे ट्रकला लावलेली फळी होती. तिच्यावरून चढून मोळी वर टाकायची. आण्णा वर उभे राहून रचत होते. माझ्या पुढे दोघीजणी होत्या, म्हणून मला फळीपाशी थांबावं लागलं. चालत नव्हते, नुसतं वजन सोसत उभी होते, आणि तेच सगळ्यात जड होतं. 'बेअर' हा शब्द मनात आला. मी तो मुद्दाम आठवला नव्हता. आणि ज्या दोघींनी मोळी माझ्या डोक्यावर दिली, त्यांनी 'लिफ्ट' केलं होतं. त्यांचं काम तिथेच संपलं होतं. इथून वरपर्यंत जे उरलं होतं, ते 'कॅरी'.

फळीच्या मध्यावर मी थांबले. फळी हलायला लागली. मागून ओरडा झाला.

"अगं थांबू नको! मागं आमी हाय!"

"खाली बघू नको, पोरी," वरून आण्णा म्हणाले. "माझ्याकडं बघ. ये."

मी गेले. मोळी टाकली, उतरले आणि पुन्हा आईसमोर मान ताठ करून उभी राहिले. "दे अजून एक," म्हटलं. आई म्हणाली, "लई झालं," पण दिली. ट्रक भरेपर्यंत मी थांबले नाही. संध्याकाळी तो कारखान्याकडे निघाला, तेव्हा 'ट्रान्सपोर्ट' कुणाचं काम आहे हे मला कुणी सांगायला नको होतं.

सोमवारी मान इतकी आखडली होती की सरांकडे बघायला सगळं अंग वळवावं लागत होतं. मी पाठ केलेलं काही बोलले नाही. साध्या वाक्यांत फड सांगितला. कोण उचलतं, कोण सोसत उभं राहतं, कोण नेतं, आणि त्या प्रत्येकाला इंग्रजीत वेगळा शब्द का लागतो. मध्येच एका वाक्यात मी अडकले. मागच्या बाकावरचा तो मुलगा बघत होता. मी वाक्य पहिल्यापासून धरलं आणि पूर्ण केलं. मध्येच खाली बसले नाही.

"शब्द कळलेत तुला," सर म्हणाले. "पण वाक्यं अजून फार चुकतात. इंग्रजी स्पेशल तुला जड जाईल, हे मी आधीच सांगतो. अडवत नाही. तू ठरव."

मला वाटलं होतं, ते शाबास म्हणतील, आणि मग ठरवणं सोपं जाईल. तसं झालं नाही.

"जाऊ दे जड, सर," मी म्हणाले. "मी इंग्रजीच घेते."

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मी जागेवर जाऊन बसले. मग उठले आणि पहिल्या बाकावर एक जागा रिकामी होती, तिथे जाऊन बसले.