मी साहेबला हाक मारली नाही

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना नाही, देवासमोर बसूनही नाही — तिथे तर मी विषयच बदलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या डबा घेऊन माझ्या दारात उभे राहणार नाही.

डब्यापासूनच सुरुवात करायला हवी. माझा नवरा अरुण जूनच्या सुरुवातीला गेला. इथे कॅनबेरातल्या गुंगालिन भागातली मराठी मंडळी अशा वेळी फार धावून येतात. मला त्यांची तक्रार करायची नाहीये. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला, वार वाटून घेतले, रोज कोणीतरी जेवण आणायचं. दिवसकार्य झालं तरी डबे थांबले नाहीत. आणि डबा आणणारा माणूस आत येतो, बसतो, हळू आवाजात विचारतो, "नेमकं कसं झालं हो?" किती वेळा सांगायचं? मग मी एक युक्ती शिकले. बेल वाजली की हलायचंच नाही. माणसं थोडा वेळ थांबतात, पिशवी दाराच्या मुठीला अडकवतात आणि जातात. जातातच — माझा सगळा भरवसा त्यावर होता.

साहेब आमचा कुत्रा. नाव अरुणने ठेवलेलं. "आयुष्यभर साहेबांचं ऐकलं, आता साहेब माझं ऐकेल," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. शेल्टरमधून आणलेला, काळा, थोराड. अनोळखी माणूस त्याला बघून रस्ता ओलांडायचा, असा. तो आमच्याकडे फक्त मराठी शिकला. इरा, आमची मुलगी, त्याला इंग्रजीत काही सांगायला गेली की अरुण म्हणायचा, "इंग्रजी बाहेर पुष्कळ आहे गं. साहेब घरचा आहे." त्यामुळे 'सिट' म्हटलं की तो नुसता बघत राहायचा, ओरडून म्हटलं तर भुंकायचा. पण 'बस' म्हटलं की — भरधाव धावत असला तरी — जागच्या जागी बसायचा. आम्हाला त्याचं केवढं कौतुक होतं.

इरा पर्थला असते. हे घडलं त्या आठवड्यात मी फोन बंद करून खणात टाकला होता. दोन दिवस. तिने किती वेळा लावला असेल? शेवटी तिने कॅनबेराच्या पोलिसांना कळवलं, की आई एकटी आहे, फोन लागत नाही, कृपया जाऊन बघा. इथे पोलीस असं घरी येऊन बघून जातात. घाबरलेली होती ती. घरात कुत्रा आहे, हे सांगायचं विसरली.

दुपारचे तीन वाजले असतील. मी मागच्या बेडरूममध्ये पलंगावर बसले होते, मांडीवर पुस्तक. साहेब मागच्या अंगणात. बेल वाजली. मला वाटलं, डबा. मी बोट पानात ठेवून गप्प बसले. मग ठोके पडले, जोरात. मग आवाज आला, इंग्रजीत — पोलीस आहोत, आत कोणी आहे का? बाई, तुम्ही ठीक आहात का?

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. इराने पाठवलं असणार, हेही त्या क्षणी कळलं. आणि तरी मी उठले नाही.

का? दार उघडलं की बोलावं लागलं असतं. एवढंच. जातील, असं वाटलं.

ते गेले नाहीत. बाजूचं फाटक उघडल्याचा आवाज आला. साहेब भुंकायला लागला. मी पडद्याची एक पट्टी बोटाने वर केली. दोघं होते, एक बाई आणि एक तरुण पोलीस. तरुण पोलीस मागे सरकत सरकत कपडे वाळत घालायच्या खांबाला टेकला. "गेट बॅक! डाउन! डाउन!" तो जितका ओरडत होता, तितका साहेब पुढे जात होता. माझ्यात आणि त्यांच्यात एक काच होती. खिडकी सरकवून एक शब्द म्हणायचा होता. तो शब्द माझ्या तोंडात आला होता — हे मी शपथेवर सांगेन. पण तो उच्चारला असता तर मी घरात आहे, जागी आहे, मघापासून ऐकते आहे, हे त्यांना कळलं असतं. मला लाज वाटली. साहेब पुढे जात होता आणि मला लाज वाटत होती.

दोन गोळ्या.

त्यानंतर मी जे केलं ते त्याहून वाईट आहे. डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या टॅबलेट्सची स्ट्रिप खणात न उघडता पडली होती. तिच्यातली एक मी काढली, बेसिनमध्ये टाकली, पाणी सोडलं. मग केस विस्कटून दार उघडलं. म्हटलं, औषध घेऊन झोपले होते, काही ऐकलं नाही. चौकशीत तेच लिहून दिलं. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात त्यांचे ठोके होते, हाका होत्या. माझं जागं असणं त्यात नव्हतं. त्या तरुण पोलिसाने फाटक ओढून बाहेर उभं राहायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण मराठी मंडळातले लोक त्याला माझ्यासमोर कसाई म्हणाले, तेव्हा मी मान हलवली. तीन वेळा तरी.

आणि इरा. ती पहिल्याच विमानाने आली. अंगणात बसून म्हणाली, "आई, मीच मारलं त्याला. मी कॉल केला, आणि डॉगचं सांगितलंच नाही. बाबांचा साहेब होता गं तो." मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "तुझी काही चूक नाही, बाळा." ते खरं होतं, पण मी ते अशा आवाजात म्हटलं, जणू क्षमा करते आहे. मी तिला क्षमा केली. मी!

याला तीन वर्षं झाली. तिची मुलगी कुत्रा मागते. इरा म्हणते, माझ्यावर कुणाचा जीव सोपवू नका. ती समुपदेशकाकडे जाते. तिथे तिला सांगितलं, साहेबला एक पत्र लिही. गेल्या रविवारी तिने ते मला फोनवर वाचून दाखवलं. मराठीत लिहिलं होतं — इंग्रजी त्याला कळत नसे म्हणून. माझ्या एका चुकीमुळे तू गेलास, असं त्यात होतं. वाचताना ती दोनदा थांबली. मी कानाला फोन लावून बसले होते. मध्ये बोलायला पुष्कळ जागा होती.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, "बरोबर आहे ना, आई?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."