काचेच्या पोटात अप्पांची सही

अप्पांची सही पुसत चालली होती, म्हणून मी तारिहाळला जायचं ठरवलं. अप्पा म्हणजे माझे वडील. धारवाडच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. प्रकाश काचेत शिरताना कसा वाकतो ते दाखवायचा त्यांचा जाड काचेचा ठोकळा आमच्या घरी आहे. दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून त्यांनी त्यावर मार्करनं सही केली होती. ते गेल्यापासून दोन वर्षं आईनं त्याला फडकं लावू दिलेलं नव्हतं. धूळ बसली तर बसू दे, सही जायला नको. तरी ती फिकटतच होती.

अप्पांची विद्यार्थिनी शैलाअक्का हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात लेसरवर काम करते. "सहीचा फोटो पाठव आणि ठोकळा घेऊन ये. वरची काच न दुखवता आत लिहिते," ती म्हणाली. मग काय, फोटो पाठवला आणि निघालेच.

तुम्हाला जायचं असेल तर धारवाड-हुबळी बीआरटीएसची बस सगळ्यात बरी. सकाळी लवकर गाठलीत तर बसायलाही मिळतं. पुढं रिक्षा, पण भाडं चढण्याआधी ठरवा. माझ्या मांडीवरचं टॉवेलचं गाठोडं बघून रिक्षावाल्यानं विचारलं, "एनक्का, देवरेन्री?" आत देव आहे असं वाटलं त्याला. "हौद्री," मी हो म्हणून टाकलं.

कारखान्यात चपला बाहेर, डोळ्यांवर रंगीत चष्मा. अक्कानं आधी साध्या काचेवर करून दाखवलं.

"काचेतनं हा प्रकाश आरपार जातो, अप्पांनी शिकवलेलं खरंच आहे," ती म्हणाली. "पण एका सेकंदाचे दहा लाख भाग कर, त्यातल्या एकाचे परत शंभर कोटी. तसले दोन-तीनशे भाग, एवढाच वेळ एक झोत टिकतो. भिंगानं तो काचेच्या आत एका ठिपक्यावर आणला की तिथं प्रकाश इतका दाटतो की एरवी काही न गिळणारी काच तो गिळते. उष्णता पसरायच्या आत काम झालेलं असतं. वरची काच होती तशीच राहते."

"मग जरा जोर वाढव की, ठळक येईल," मी म्हटलं. तिनं वाढवला. काचेत टिचकन चीर गेली. माझी हौस तिथंच फिटली.

मग गाठोडं सोडलं आणि अक्कानं कपाळाला हात लावला. आमच्याकडे कुठलीही वस्तू कामाला निघाली की आई तिला तेलात कालवलेलं कुंकू लावते. स्कूटर असो नाहीतर मिक्सर. ठोकळ्यालाही लावलं होतं, आणि टॉवेलात ते सहीवर फासलं गेलं होतं.

"खालची बाजू खरबरीत आहे, प्रकाश वरूनच घालायला पाहिजे," अक्का म्हणाली. "पण कुंकू मधेच प्रकाश खाईल आणि वरचीच काच जळेल. स्पिरिटनं पुसायला लागेल. सही पण जाईल ग. आणि पुढं ठोकळा टिचला तर..."

आईला फोन लावावा असं वाटलं. ती नकोच म्हणाली असती, आणि वर्षभरात सही आपोआप गेली असती. अक्काच्या हातातला कापूस घेतला आणि मीच पुसलं. अप्पांची सही लालसर डाग होऊन कापसावर आली. रडू आवरलं आणि म्हटलं, "कर सुरू."

बारीक करकर ऐकू येत होती आणि काचेच्या आत एक पांढरा ठिपका सरकत होता. वीस मिनिटं मी जागची हलले नाही. ठोकळा टिचला नाही.

परतताना हुबळीत चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. तुम्हीही खा, पण भजी गरम असतील तरच.

घरी आईनं ठोकळ्यावर बोट फिरवलं. "सही कुठाय?"

"पुसली. मीच पुसली."

मी ठोकळा खिडकीच्या उजेडात तिरका धरला. आत पांढरी, नाजूक, अप्पांची सही. आईनं नखानं खरवडून बघितलं, पदरानं घासून बघितलं.

"जात नाही की ग."

दोन वर्षांनी तिनं ठोकळा नळाखाली धरला. साबण लावून सगळ्या बाजूंनी घासला, पुसला, फळीवर ठेवला. मग बोटावर कुंकू घेतलं आणि बरोबर सहीवर टेकवलं.