माळ्यावरचा चहा

रविवार, दादाचं तेरावं झाल्यानंतरची दुपार. मुलुंडच्या घरात हजर: आई आणि मी.

दादाला स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक पाहुणा दिसायचा. रोज चारला तो स्टुलावर चढून त्याच्यासाठी चहा ठेवायचा. कप भरलेला दिसला, की पाहुणा रुसला म्हणून दादा जेवण सोडायचा. त्याने जेवावं म्हणून मी वर्षानुवर्षं तो चहा गुपचूप सिंकमध्ये ओतत आले.

आज सवयीने मीच कप वर ठेवला. तासाभराने उतरवला, तर रिकामा.

"आई, तू ओतलास?"

"या गुडघ्यांनी मी स्टुलावर चढू? आणि दर मे महिन्यात तू गावी जायचीस, तेव्हाही रिकामाच असायचा की गं."

दादाचे कपडे, औषधं, कागद आवरून झाले. माळा तेवढा राहिलाय.