देवाचा क्रमांक

बायकोच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी सासूबाई धारवाडहून कोल्हापूरला आल्या, तेव्हा मी पक्का सूर्यवंशी होतो. दहाच्या आत उठणं ठाऊक नव्हतं. उठलो की त्यांना स्कूटरवरून जैन बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, दर्शनाला न्यायचो. तीन आठवड्यांनी बायको म्हणाली, "आई दर्शनाशिवाय पाणीसुद्धा घेत नाही. तुम्ही उठेपर्यंत उपाशी बसते. जावयाला सांगायचं नाही म्हणून मलाही दटावून ठेवलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लवकर उठावं, हा साधा उपाय काही मला सुचला नाही. मला सुचला नकाशा. लोकांनीच मिळून बनवलेल्या एका खुल्या नकाशात मी फावल्या वेळी गल्ल्या, विहिरी, पिठाच्या गिरण्या भरायचो. सासूबाई चालायला खमक्या, हातात फोनही होता; नकाशा वाचता आला तर एकट्या जाऊ शकल्या असत्या. पण त्यांना वाचता येई ते कानडीच; अडत होतं ते देवनागरी वाचण्यापाशी. नकाशातल्या जागेला एका जागतिक माहितीकोशातला क्रमांक जोडला, की तिथं असलेली सगळ्या भाषांतली नावं नकाशात दिसतात. बस्तीतल्या तीर्थंकरांचं नाव शोधलं आणि सापडला तो क्रमांक जोडून मोकळा झालो.

संध्याकाळी त्याच नकाशात भर घालणाऱ्या एका अनोळखी माणसाचा निरोप आला: "पावणं, त्यो नंबर देवाचा हाय की! देवळाचा न्हाय."

आधी हसलो, मग थक्क झालो. त्या कोशात देवाचा क्रमांक वेगळा, देवळाचा वेगळा, शहराचा वेगळा. आणि हे देऊळ या देवाचं, या शहरातलं, असे सगळे एकमेकांना बांधलेले. देवळावरून देवावर गेलो, देवावरून त्याच्या कर्नाटकातल्या, राजस्थानातल्या देवळांवर. तीन आठवडे त्याच दारात स्कूटर लावत होतो आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. चहा गार झाला.

क्रमांक सुधारला आणि त्या माणसाला माझी अडचण लिहिली. "देवळाच्या नोंदीत कानडी नाव न्हाय. भरतो की," त्यानं कळवलं.

दोन दिवसांनी मी सासूबाईंच्या फोनवरचा नकाशा कानडीत लावून दिला. त्यांनी देवळाचं नाव बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. ज्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, त्यानं ते एका अनोळखी म्हातारीसाठी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. वेळ पाहून मी धडपडत उठलो आणि स्कूटरची किल्ली शोधू लागलो. सासूबाई दर्शन करून आल्या होत्या. पुढ्यात उप्पीट होतं.

"झोपा तुम्ही, जावईबापू," त्या म्हणाल्या आणि पहिला घास घेतला.